डॉरिसबाईंचं छत

अहो, मी परत आले. गौरी नको म्हणत होती. केंब्रिजच्या तिच्या फ्लॅटमध्ये रेडिएटर चांगले तापतात, खिडक्या घट्ट लागतात, एकही भिंत वाकडी नाही, आणि तिथे मला झोप येईना. तुमचे दिवस झाले, स्टॅनमोरची मंडळी भेटून गेली, रीडिंगहून आलेल्या लोकांनी फ्रीजभर डबे ठेवले, आणि मग एका सकाळी मी तिला म्हटलं, मला घरी सोड. तिनं विचारलं, कुठल्या घरी. स्टॅनमोरचं घर विकून आपल्याला तीन वर्षं होऊन गेली हे ती विसरली नव्हती. मी दुसरं काहीतरी म्हणावं म्हणून ती मला संधी देत होती. मी कोट घातला.

फाटकापाशी गाडी थांबवून ती काचेतूनच छपराकडे बघत बसली. ‘आई, तो भिंत अजून पुढे आला आहे का?’ तिचं मराठी तुम्हाला ठाऊकच आहे, भिंत कधी ‘तो’ होते, कधी ‘ते’. एरवी तुम्ही हसून सुधारलं असतंत. मी सुधारलं नाही. आहे तिथेच आहे, एवढंच म्हटलं.

आत शिरल्यावर आधी थंडी लागली आणि मग तो वास आला, ओल्या राखेचा आणि जुन्या लाकडाचा. जिन्यातला तुमचा ओळंबा तसाच लटकत होता. दार उघडल्यावर वारा आला तसा तो जरा हलला, आणि मी सवयीनं तिथेच उभी राहिले, तो स्थिर होईपर्यंत. भिंत बाहेर झुकते आहे का ते त्या दोरीवरून कळतं, हे तुम्ही मला शिकवलंत. गेलं वर्षभर सकाळी उठले की चहाच्या आधी मी त्या दोरीकडे बघायची. तुमच्याकडे नाही.

हे घर पहिल्यांदा पाहिलं ते दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात, त्या भयंकर उकाड्यात. गौरीला केंब्रिजला सोडून आपण सफकच्या बाजूनं उगाच फिरत होतो. वळणावर हे दिसलं. पिवळट भिंती, त्यात काळसर पडलेल्या ओकच्या तुळया, वरचा मजला खालच्यापेक्षा हातभर पुढे आलेला, आणि कौलांचं छप्पर मधोमध बसलेलं, म्हाताऱ्या घोड्याच्या पाठीसारखं. बाहेर विक्रीची पाटी. तुम्ही गाडी थांबवलीत, उतरून सरळ कोपऱ्यातल्या खांबाला हात लावलात आणि वरपासून खालपर्यंत चाचपत गेलात. पेशंटचा पाय चाचपायचात ना, तसा. मी गाडीतच बसून होते, आणि तेव्हाच मला कळलं की आता हे होणार.

तुम्ही आयुष्यभर हाडं जोडलीत. त्यामुळे हे घर तुम्हाला जसं दिसलं तसं मला कधी दिसलंच नाही. या घराला भिंती पेलत नाहीत, सांगाडा पेलतो, भिंती म्हणजे नुसती मधली भर, असं तुम्ही मला समजावलंत. काटक्यांची जाळी विणून वर चिखल, शेण आणि गवत लिंपलेलं. ‘अगं, हा आपला कूडच आहे,’ तुम्ही म्हणालात. तुमच्या आजोळी गोठ्याला कुडाच्या भिंती होत्या, आणि साता समुद्रांपलीकडे त्या पुन्हा भेटल्याचा आनंद तुमच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. ओक ओला असतानाच कापतात, एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवतात आणि आरपार लाकडी खुंटी ठोकतात. खिळा कुठेही नाही. मग लाकूड वाळताना पिळवटतं, वाकतं आणि सांधे आणखी घट्ट होतात. वाकडं झालं म्हणूनच ते टिकलं, हा तुमचा सिद्धांत.

माझा सिद्धांत वेगळा होता. वरच्या बेडरूममध्ये मी चाकांची बॅग ठेवली तर ती आपली आपण भिंतीकडे चालू लागली. मी गणित शिकवलं आहे, उताराचं मला नवल नव्हतं. पण ती बॅग पुढच्या भिंतीला जाऊन अशी टेकली, की जणू त्या घराला जायचं होतं तिकडेच तीही निघाली होती. मी म्हटलं, हे घर आजारी आहे. तुम्ही म्हणालात, चारशे वर्षांचा पेशंट आहे, थोडं दुखणारच.

घेतलं आपण. मी हो म्हटलं होतं, ते नाकारत नाही. तीस वर्षं तुम्ही हॉस्पिटलच्या वेळापत्रकावर जगलात, एखादी गोष्ट तुम्हाला मनापासून हवी होती.

आणि मग डॉरिसबाई. मुळात हे एकच लांब घर. कधीतरी मधे पातळ भिंत घालून त्याची दोन केली, उजवीकडचं आपलं आणि डावीकडचं त्यांचं. पण वरचा सांगाडा अखंडच राहिला. छपराला धरून ठेवणारी तुळई आपल्या जिन्यावरून निघते, भिंतीतून आरपार जाते आणि, त्यांच्या बाजूला वरचा मजला नसल्यानं, थेट त्यांच्या पलंगाच्या वर संपते. त्या घरात त्या लग्न होऊन आल्या, नवरा तिथेच गेला, आणि ऐंशी उलटल्यावरही खुब्याचं ऑपरेशन त्यांनी करून घेतलं नाही. आपण पहिल्या दिवशी ओळख करून घ्यायला गेलो तर त्यांनी तुमचं नाव ‘शराड’ करून टाकलं आणि तुम्ही ते आनंदानं घेतलंत.

चुलीवरच्या तुळईवर थेंबांच्या आकाराचे जळके डाग आहेत ना, ते मेणबत्तीनं चुकून झाले असतील असं आपल्याला वाटलं होतं. डॉरिसबाईंनी सांगितलं की ते मुद्दाम केलेले आहेत. जुन्या काळी लोक तुळईला ज्योत लावून धरायचे. घराला एकदा थोडं जाळलं की मग मोठी आग फिरकत नाही, अशी समजूत. तुम्हाला ते फार आवडलं, लस टोचल्यासारखंच झालं म्हणालात. मी मात्र त्या डागांकडे पाहिलं की त्या माणसांचा विचार करायची. किती भीती वाटली असेल त्यांना इथे राहताना, की स्वतःच्या हातानं स्वतःचं घर जाळून बघावंसं वाटलं.

पहिल्या वसंतात लाकडातून टकटक यायला लागली. बोटानं टेबलावर वाजवावं तशी, थांबून थांबून. डॉरिसबाई चहा ओतत म्हणाल्या की तो किडा आहे, ओकच्या आत राहतो, गावात त्याला मरणाची राखण करणारा म्हणतात. आजाऱ्याच्या उशाशी जागणाऱ्यांनाच त्याचा आवाज ऐकू यायचा, म्हणून. ‘माझ्या नवऱ्याच्या वेळी खूप वाजत होता,’ त्या म्हणाल्या, आणि साखर किती विचारली. परत येताना तुम्ही मला किड्याच्या प्रजननाबद्दल माहिती दिलीत. मी ऐकली. त्यानंतर दर वर्षी एप्रिल आला की मी रेडिओ मोठा लावायची.

तुळई कापलेली आहे हे कळलं ते मात्र आणखी एका वर्षानं. आपल्या बेडरूममधून तुमच्या अभ्यासिकेत जाताना जे दार आहे, ते आधी तिथे नव्हतं. आधीच्या कुणा मालकाला ये-जा सोयीची करायची होती, त्यानं आडवी तुळई मधोमध कापली आणि त्या जागी दार बसवलं. वर गिलावा केला, रंग दिला. तुम्ही एका दुपारी गिलाव्याचा पोपडा काढलात आणि हाक मारलीत. कापलेलं टोक स्वच्छ, करवतीच्या रेघा अजून दिसत होत्या. तुमचा चेहरा मी तसा फक्त एकदाच पाहिला होता, दुसऱ्या कुणी बिघडवलेलं ऑपरेशन तुमच्याकडे आलं होतं तेव्हा.

मग ती इंजिनीअर बाई आली, जुन्याच घरांचं काम करणारी, कमी बोलणारी. तिनं वर पाहिलं, खाली पाहिलं, ओळंबा सोडला. तिनं सांगितलं ते सोपं होतं. छपराचे दोन उतार भिंतींना बाहेर ढकलत असतात, आणि तुळई त्या भिंतींना आत धरून ठेवते. तुळई कापली म्हणजे छप्पर हळूहळू पाय फाकवतं. त्यात त्या उकाड्याच्या उन्हाळ्यात इथली चिकणमाती आकसली आणि खालचा आधारही हलला. तिनं लगेच लोखंडी टेकू लावून घ्यायला सांगितलं आणि नवा ओक जोडून तुळई पुन्हा अखंड करायची म्हणाली. पण घर लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून सरकारी यादीतलं, कौन्सिलची परवानगी लागणार, आणि असं काम जाणणारे सुतार महिनोन्महिने आधी बुक झालेले. जाताना दारात तिनं आणखी एक सांगितलं, खुंट्या तुटायला लागल्या तर आत थांबू नका. आणि शेजारच्या बाईंनाही थांबू देऊ नका.

ते वाक्य माझ्या डोक्यात रुतलं. तुमच्याही रुतलं असणार, पण तुम्ही ते वेगळ्या पद्धतीनं वापरलंत. कामाला लागलात. बाहेरून सिमेंटचा गिलावा कुणीतरी चढवला होता, त्याच्या आत पाणी कोंडून लाकूड कुजतं, म्हणून तो काढायचा. छिन्नी-हातोडी घेऊन रोज थोडा थोडा. तळाशी पोचलात तर खांबाचा पाय ओल्या केकसारखा. तुम्ही त्यात बोट घातलंत आणि ते आत गेलं. मी म्हटलं, आता पुरे, हे सिमेंटच घराला धरून असेल तर. तुम्ही हातोडी खाली ठेवलीत, पण रागानं.

तेव्हा तुम्ही किती वेळा थांबायचात, ते मी बघत होते तरी मला दिसत नव्हतं. हातोडी मारता मारता खांबाला टेकून उभे राहायचात. जिन्याच्या वळणावर थांबायचात. विचारलं तर म्हणायचात, या घरात डोकं आपटू नये म्हणून थांबावं लागतं. खरंच होतं ते, तुळया सगळ्या कपाळाच्या उंचीवर. मला पटलं.

दिवाळीत आपलं भांडण झालं. अर्धवट राहिलं ते अजून तसंच आहे. गौरीकडे फराळ करून परत आलो, आत शिरल्याबरोबर मी ओळंब्याकडे पाहिलं, तर दोरी आणि भिंत यांच्यातली फट मला मोठी वाटली. मी म्हटलं, हिवाळाभर केंब्रिजला राहू, मार्चमध्ये सुतार आले की परत येऊ. तुम्ही शांतपणे कोट काढलात आणि विचारलंत, आणि डॉरिस? मी म्हटलं, तिची भाची आहे नॉर्विचला. तुम्ही म्हणालात, भाची वर्षातून एकदा येते. मी म्हटलं, मग तिला हॉस्पिटलात दाखल करा, खुबा बदलून घ्या, तुम्हीच तिला तीन वर्षं सांगताय. तुम्ही म्हणालात, माणसाला घरातून उपटून काढलं की ते जगत नाही, मी पुष्कळ पाहिलेत. मग मी ते बोलले. म्हटलं, ‘तुमचा जीव या घरात गेला तर मी याच्याकडे वळूनही बघणार नाही.’ तुम्ही हसलात आणि म्हणालात, घरात नाही जाणार.

आणि नाही गेलात.

जानेवारीतला तो गुरुवार. संक्रांत नुकतीच झालेली, तिळाचे लाडू मी डॉरिसबाईंना दिले होते आणि त्यांनी दातांची माफी मागून ते चोखून खाल्ले होते. सकाळपासून वारा वाढत होता. रेडिओवर सांगत होते, गरज नसेल तर बाहेर पडू नका. ओक बोलतो, ते आपल्या सवयीचं होतं, वाऱ्यात हे घर जुन्या बोटीसारखं कुरकुरतं. पण त्या दिवशी दुपारी आवाज बदलला. कुरकुर थांबली. मला त्याचीच भीती वाटली. वारा बाहेर घोंगावतोय आणि घर गप्प, जणू सगळं बळ आत दाबून धरलंय.

मी पोळ्या लाटत होते. जिन्यात फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. आपण दोघंही धावलो. पायरीवर खुंटीचा अर्धा तुकडा पडला होता, अंगठ्याएवढा जाड. तुम्ही तो उचललात, तुटलेल्या बाजूवर बोट फिरवलंत.

‘ताजं आहे,’ तुम्ही म्हणालात. ‘गॅस बंद कर. गाडीची किल्ली घे. मी डॉरिसला आणतो.’

मी वाद घातला नाही. उलट मला बरं वाटलं, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. शेवटी तुम्ही माझी भीती खरी मानलीत. इतक्या महिन्यांनी आपण दोघं पहिल्यांदा एका बाजूला होतो.

त्यांच्या घराचा बोळ तुम्हाला आठवतो. पुढच्या दारापासून खोलीपर्यंत एक माणूस जाईल एवढाच, आणि मधे आडवी तुळई, तिच्याखालून वाकून जावं लागतं. चाकांची खुर्ची त्यातून येत नाही, म्हणून त्यांची खुर्ची कायम बाहेरच्या शेडमध्ये. एरवी त्या भिंतीला धरून, थांबत थांबत, आपल्या वेळानं बाहेर यायच्या. त्या दिवशी त्या पलंगावरून उठेचनात. माझं घर आहे, म्हणत होत्या, युद्धात बॉम्बनं पडलं नाही ते. आणखी एक आवाज झाला, वर कुठेतरी. मी म्हटलं, मी पाय धरते, तुम्ही खांदे धरा. पण बोळात दोघं मावत नव्हतो. तुम्ही त्यांना सरळ उचललंत. त्या काही हलक्या नव्हत्या. तुळईखालून जाताना तुम्हाला गुडघे वाकवावे लागले, आणि तसेच, वाकलेले, त्यांना छातीशी धरून तुम्ही चालत आलात. मी दार दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, वारा ते मिटवत होता. माझ्या समोरून तुम्ही गेलात. चेहरा राखेसारखा होता. मला वाटलं, वजनामुळे.

गाडी रस्त्यापलीकडे, चॅपलच्या अंगणात लावली होती, झाडांपासून दूर. तुम्ही त्यांना मागच्या सीटवर बसवलंत, पट्टा लावलात, स्कार्फ दारात अडकू नये म्हणून आत सारलात. दार लावलंत. मग गाडीच्या टपावर हात ठेवून तुम्ही वळून घराकडे पाहिलंत.

‘बघ,’ तुम्ही म्हणालात, ‘कसं उभं आहे.’

आणि ओल्या जमिनीवर खाली बसलात. सावकाश, ठरवून बसल्यासारखे.

पुढचं मला सलग आठवत नाही. फोनवर एक मुलगी मला सांगत होती, छाती दाबत राहा, थांबू नका, आणि मी दाबत होते. मुख्य रस्त्यावर झाड पडलं होतं, ॲम्ब्युलन्स दुसऱ्या गावावरून फिरून येत होती, हेही तीच सांगत होती. गाडीच्या बंद काचेवर आतून डॉरिसबाई हात आपटत होत्या. त्यांना दार उघडता येत नव्हतं. त्यांचा तो तळवा, काचेवर पसरलेला, पांढरा पडलेला, तो मला अजून दिसतो. आणि त्या सगळ्या वेळात माझ्या मनात काय होतं सांगू? माझी पाठ घराकडे होती आणि मी वाट बघत होते, ते कोसळल्याचा आवाज कधी येतो याची.

आला नाही.

ॲम्ब्युलन्सचे लोक आले, त्यांनी करायचं ते सगळं केलं, आणि मग त्यांच्यातला एक गुडघ्यावर बसून माझ्याशी बोलला. तुम्ही पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायचात तसाच तो खाली बसला होता, माझ्या डोळ्यांच्या पातळीवर. म्हणून त्यानं तोंड उघडायच्या आधीच मला कळलं.

आता जे सांगायचं आहे त्यासाठी मी हे लिहायला बसले. परवा इंजिनीअर बाई आली. तुमच्याबद्दल ती दोन वाक्यं बोलली आणि मग शिडी लावून वर गेली. बराच वेळ वर होती. खाली आल्यावर तिनं सांगितलं की घर हललेलं नाही. खुंट्या तुटल्या त्या दोनच, आणि त्या आधीपासून चिरलेल्या असाव्यात. तेव्हा लावून घेतलेल्या टेकूनं भार घेतला. ओळंब्याची फट होती तेवढीच आहे, केसभरही जास्त नाही. पुढच्या आठवड्यात सुतार येऊ शकतात, त्यांचं दुसरीकडचं काम पुढे ढकललंय, आणि कौन्सिलची परवानगीही आली आहे. तिनं हे चांगली बातमी म्हणून सांगितलं. मी तिला चहा दिला. ती गेल्यावर मी जिन्यात बसले.

म्हणजे आपण घरातच राहिलो असतो तरी चाललं असतं. मी पोळ्या लाटत राहिले असते. तुम्ही खुंटीचा तुकडा टेबलावर ठेवून त्याचं निदान सांगत बसला असतात. अहो, तुमचं बरोबर होतं की माझं, हे आता कोण ठरवणार? घर उभं आहे हे तुमच्या बाजूचं, आणि तुम्ही नाही हे माझ्या.

काल दुपारी डॉरिसबाईंना भेटायला गेले. त्यांना केंब्रिजबाहेरच्या एका नर्सिंग होममध्ये ठेवलंय. खोली छान आहे, खिडकीतून बाग दिसते, त्या बागेकडे पाठ करून बसल्या होत्या. मला पाहून रडल्या नाहीत. हात पुढे केला. म्हणाल्या की मला एक सांगायचंय, शराड सांगू नको म्हणाला होता, पण आता त्याचं ऐकायची गरज नाही.

मग त्यांनी सांगितलं. त्यांचा खुबा बघायला म्हणून तुम्ही जायचात ते निम्म्या वेळा त्यांच्यासाठी नव्हतंच. चुलीपाशी नवऱ्याच्या खुर्चीत बसायचात, छातीवर हात ठेवून, आणि म्हणायचात, जरा श्वास घेऊ दे. रंग परत आला की घरी यायचात. त्यांनी तुम्हाला डॉक्टरकडे जा म्हटलं तर तुम्ही म्हणालात, मीच आहे की. आणि मला का सांगत नाही असं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, तिला आधीच घराची काळजी पुरते आहे.

मी तुमच्यावर इतकी कधी चिडले नव्हते. त्या खोलीत, त्या बिचाऱ्या बाईसमोर, माझे कान तापले. म्हणजे माझी भीती तुम्हाला सोयीची होती. मी भिंतीकडे बघत होते आणि तुम्ही मला तिकडे बघू दिलंत. स्टॅनमोरला जेवणाच्या टेबलावर किती वेळा भांडलो आपण यावरून. पेशंटला सगळं खरं सांगितलंच पाहिजे असं नाही, हे तुमचं म्हणणं. माझं म्हणणं, चुकलेलं उत्तर ते चुकलेलंच, दयेपोटी मार्क देता येत नाहीत. तुम्ही म्हणायचात, गणितात पेशंट नसतो. इतकी वर्षं मला वाटत होतं, आपण परक्या माणसांबद्दल भांडतोय.

डॉरिसबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना आणखी काहीतरी विचारायचं होतं, हे मला दिसत होतं. ओठ हलत होते. शेवटी विचारलं.

‘माझ्या बाजूचं पडलं का?’

अहो, काय विचारत होत्या ते मला समजलं. मला उचलून नेलं नसतं तर मी मेले असते का. तो माझ्यासाठी गेला की उगाच गेला. ऐंशीच्या पुढचं हे माणूस, रात्रंदिवस त्या खिडकीला पाठ करून एवढंच मोजत बसलं होतं. आणि खरं उत्तर माझ्या पर्समधल्या चष्म्याइतकं माझ्या जवळ होतं. नाही पडलं. साधा तडाही नाही. त्यांचा पलंग जसाच्या तसा आहे, उशीवर त्यांच्या डोक्याचा खळगासुद्धा.

‘हो,’ मी म्हटलं. ‘छत खाली आलं. सगळं तुमच्या पलंगावर.’

त्यांनी डोळे मिटले. माझा हात धरून ठेवला होता तो सैल झाला. ‘म्हणजे वेळेवर आला तो,’ त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, अगदी वेळेवर.

घरी येताना ट्रेनमध्ये मी हिशेब मांडत होते, जन्मभराची सवय. त्या परत येणार आहेत, येणारच, भाचीनं कितीही म्हटलं तरी. आणि त्या आल्या की आधी वर बघतील. म्हणून आज सकाळी सुताराला फोन केला. विचारलं, तुळई जोडताना शेजारच्या बेडरूमचं छत काढावं लागेल का. तो म्हणाला, काढलं तर काम सोपं होईल, पण नाही काढलं तरी चालेल, चांगलं आहे ते, जुनं आहे, कशाला पाडायचं. मी म्हटलं, पाडा. कौन्सिलला विचारावं लागेल म्हणाला. मी म्हटलं, विचारा, त्यांना काय सांगायचं ते मी बघते.

तुमच्यावरचा राग गेलेला नाही, हे सांगून ठेवते. तो बरेच दिवस राहील. पण काल त्या खोलीत खोटं बोलताना मला जड गेलं नाही, आणि तुम्हालाही गेलं नसणार, हे आता मला कळतंय. एवढं तरी तुम्ही मला तुमच्या तोंडानं सांगायला हवं होतंत.

आत्ता दुपार आहे. वारा पुन्हा वाढतोय. मघाशी मी डॉरिसबाईंच्या घरात जाऊन आले, त्यांच्या खोलीत. पलंगावर झोपून बघितलं. काटक्यांवर लिंपलेलं ते छत, मधे किंचित फुगलेलं, पांढरं, एक भेग नाही. तुमच्या सांगाड्यावर चारशे वर्षं निवांत बसलेलं. सुतार मंगळवारी यायचेत. तोवर ते मला खोटं पाडत उभं आहे.